ॲग्रीच्या डिग्रीत ॲनिमल सायन्स आलंय? मग सुरुवात गोठ्यातून करा

शेतीची डिग्री करताना ॲनिमल सायन्सचा पेपर समोर आला की वर्गाचे सरळ दोन भाग पडतात. ज्यांच्या घरी जनावरं आहेत ते म्हणतात यात काय शिकायचंय, लहानपणापासून धारा काढतोय, आणि ज्यांनी गाय फक्त लांबून बघितलीये ते गुपचूप मागच्या बाकावर सरकतात. पहिल्या टेस्टला दोघंही सारखेच आपटतात. कारण पहिल्याला जनावर कळतं पण आकडा मांडता येत नाही, आणि दुसऱ्याला आकडा येतो पण तो कुठल्या जनावराचा ते डोळ्यासमोर येत नाही. मी दुसऱ्या गटातली. खाली जे लिहितेय ते मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं त्या क्रमाने लिहितेय.

आधी हा विषय काय आहे ते क्लिअर करून घ्या

नवीन आलेल्यांचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे हा जनावरांच्या डॉक्टरकीचा पेपर आहे असं वाटणं. नाहीये तो. आजारी जनावर तपासणं, औषध लिहून देणं, टाके घालणं हे पशुवैद्याचं काम, त्याची डिग्री वेगळी. आपण शिकतो ते जनावर आजारी पडायच्या आधीचं सगळं, म्हणजे जात कुठली निवडायची, खायला काय आणि किती घालायचं, कधी भरवायची (म्हणजे गाभण करून घ्यायची), कशी ठेवायची, त्यातून दूध, मांस, अंडी, लोकर किती निघते आणि शेवटी खर्च वजा जाता हातात काही राहतं का. रोग सिलॅबसमध्ये असतात, पण ते ओळखणं, टाळणं आणि वेळेत डॉक्टरला बोलावणं इथपर्यंतच.

आणि एक, हा विषय बाकीच्या शेतीपासून वेगळा धरू नका. चारा पिकवता तो ॲग्रोनॉमीचा, शेण जातं ते मातीच्या पेपरात, आणि जेनेटिक्स तर प्लांट ब्रीडिंगवाल्यांनी अर्धं आधीच शिकवलेलं असतं. फक्त ज्वारीचं ताट हलत नाही आणि लाथ मारत नाही, एवढाच फरक.

पहिलं काम, एक वही आणि एक जनावर

कॉलेजच्या फार्मवर गेलात की सगळा कळप बघत फिरू नका, एकच जनावर निवडा. कानातला बिल्ला नंबर वहीत लिहा आणि सेमिस्टरभर दर आठवड्याला त्याच जनावराकडे जा. वजन, शरीराची अवस्था, शेण पातळ की घट्ट, रवंथ करतंय का, दूध देत असेल तर किती, गाभण असेल तर कितवा महिना. पाच मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला मला हे बालिश वाटलं होतं, पण दोन महिन्यांनी वर्गात बॉडी कंडिशन स्कोर शिकवला तेव्हा माझ्या वहीत ती गाय व्यायल्यानंतर कशी उतरत गेली ते आठवड्याआठवड्याने होतं. हा स्कोर गायीत साधारण १ ते ५ असा मोजतात, १ म्हणजे हाडं दिसणारी आणि ५ म्हणजे चरबीने गोल झालेली. तो नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, शेपटीच्या बुडाशी आणि कमरेच्या हाडांवर हात ठेवून बघा, अंगावर केस दाट असले की डोळे फसवतात.

वजनासाठी बहुतेक ठिकाणी मोठा काटा नसतो, मग टेप. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून, आणि लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०८४०, उत्तर किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर जवळपास ३३१ किलो. आता गंमत बघा, टेप ढिला धरल्यामुळे घेर १६४ आला तर तीच गाय ३४७ किलोची होते. चार सेंटिमीटरच्या चुकीने सोळा-सतरा किलो इकडचे तिकडे, कारण घेराचा वर्ग होतो ना. म्हणून जनावर चारी पायांवर सरळ उभं असताना, मान खाली नसताना, तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. आमच्या बॅचमध्ये एकाने गाय गव्हाणीत मान घालून खात असताना मोजून आठवड्यात तिचं वजन वीस किलोने वाढवलं होतं, मॅडमनी त्याला परत टेप घेऊन गोठ्यात पाठवला.

जवळ कसं जायचं

हे कुणी नीट शिकवत नाही आणि पहिल्या प्रॅक्टिकलला सगळे घाबरून उभे राहतात. गाईला जवळपास चहूबाजूंनी दिसतं, पण बरोबर पाठीमागे तिला काहीच दिसत नाही, म्हणून मागून गुपचूप जाणं म्हणजे लाथ खायची तयारी. बाजूने, खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जा, आवाज आला की तिला कळतं कोणीतरी येतंय. घोडा सरळ मागे झाडतो, गाय बऱ्याचदा पाय पुढे घेऊन बाजूने गोलात मारते, त्यामुळे गाईच्या मागच्या पायाच्या बाजूला उभं राहिलात म्हणजे वाचलात असं नाही.

जनावर हाकायचं असेल तर खांदा लक्षात ठेवा. तुम्ही खांद्याच्या मागे उभे राहिलात तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर मागे सरकतं. ओरडायची, शेपटी पिरगाळायची गरजच पडत नाही. आणि स्वच्छतेबद्दल एकच पण पक्कं, गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) गाईचा गर्भ किंवा वार (गर्भाबरोबर बाहेर पडणारा जार) उघड्या हाताने उचलायची नाही, त्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा संसर्गजन्य रोग माणसाला होतो आणि महिनोन्महिने ताप पिच्छा सोडत नाही. फार्मवरून आल्यावर हात धुवा, बूट हॉस्टेलच्या खोलीत आणू नका, झालं.

मग पोट

इथे थोडा वेळ द्या, कारण पुढचं निम्मं सिलॅबस या एका गोष्टीवर उभं आहे. रवंथ करणाऱ्या जनावराला चार कप्पे असतात, कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. पाठ करून नावं येतात, पण मुद्दा कोठीपोटाचा आहे. मोठ्या गाईत ते शंभर लिटरच्याही वर भरतं आणि आत अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. गाय चारा खाते म्हणण्यापेक्षा ती या जीवांना चारा घालते आणि ते जे आंबवतात त्यावर स्वतः जगते असं समजा. ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही जी तीन ॲसिडं तयार होतात त्यातूनच तिला बहुतेक एनर्जी मिळते. ॲसिटेटवर दुधातलं फॅट, प्रोपिओनेटवर ग्लुकोज आणि पर्यायाने दुधातली साखर. म्हणून कडबा कमी करून धान्य जास्त घातलं की दूध वाढतं पण फॅट पडतं, आणि अति झालं तर कोठीपोटाचा पीएच साडेपाचच्या खाली घसरून ॲसिडोसिस होतो. हे एकदा डोक्यात बसलं की परीक्षेत "कारणे द्या"चे निम्मे प्रश्न न वाचता लिहिता येतात.

एक छोटा प्रयोग करा. उभ्या गाईच्या डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. आत काहीतरी भलं मोठं सावकाश वर येऊन मुठीला ढकलतं आणि परत खाली जातं. तंदुरुस्त जनावरात मिनिटाला साधारण एक-दोनदा असं होतं. मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी हात झटकन मागे घेतला होता, इतकं ते जिवंत वाटतं. आकृती काढून जे समजलं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत समजलं.

वासराचं मात्र वेगळं. जन्मताना कोठीपोट छोटं आणि खरं पोट मोठं असतं, दूध प्यायलं की ते एका घळीतून कोठीपोट टाळून सरळ खऱ्या पोटात जातं. म्हणजे पहिले काही आठवडे ते रवंथ करणारं नाहीच. आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. वार गाईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती वासराला देत नाही, ती सगळी चिकातून येते, आणि वासराचं आतडं ती शोषून घेण्यासाठी फक्त पहिले चोवीस तास उघडं असतं, त्यातही दर तासाला कमी कमी होत जातं. म्हणून "वार पडेपर्यंत चीक पाजू नका" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, जन्मल्यापासून तासा-दोन तासात पाजायचा, पहिल्या दिवसात मिळून वासराच्या वजनाच्या साधारण दहा टक्के.

आहाराचं गणित, जिथे सगळे अडकतात

माझा पहिला रेशन फॉर्म्युला (जनावराला रोज काय किती घालायचं त्याचा हिशोब) सरांनी पूर्ण लाल करून परत दिला होता. चूक एकच होती, मी हिरव्या चाऱ्याचं ओलं वजन धरून गणित केलं होतं. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली, कुठलाही चारा समोर आला की आधी विचारायचं यात पाणी किती. हिरव्या मक्यात ऐंशी टक्के पाणी असेल तर तीस किलोच्या भाऱ्यात जनावराला खरं खाणं सहा किलोच मिळतं. बाकीचं पाणी ते हौदावरही प्यायलं असतं.

उदाहरण घेऊ. ४०० किलोची दुभती गाय, शुष्क पदार्थ (पाणी वजा जाता उरलेलं खाणं) वजनाच्या ३ टक्के धरा, म्हणजे रोज १२ किलो. तीस किलो हिरवा चारा दिला तर ६ किलो झाले. साडेतीन किलो कडबा, त्यात ९० टक्के शुष्क, म्हणजे ३.१५. उरले जवळपास २.८५, ते आंबोणातून (धान्य-पेंडीच्या मिश्रणातून), तेही ९० टक्के शुष्क, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत बसतं. एवढंच. यानंतर प्रोटीन आणि एनर्जी जुळवायची, पण हा पाया चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

आंबोणात कुठला घटक किती घालायचा ते काढायला पिअरसन चौकोन शिका, पाच मिनिटांत येतो. मक्यात ९ टक्के प्रोटीन, पेंडीत ४५, आणि तुम्हाला हवंय १८. तिरपं वजा करा, ४५ वजा १८ म्हणजे मक्याचे २७ भाग, १८ वजा ९ म्हणजे पेंडीचे ९ भाग. एकूण ३६, म्हणजे तीन चतुर्थांश मका आणि एक चतुर्थांश पेंड. उलटं मांडायची चूक प्रत्येक जण एकदा करतो (मी दोनदा), म्हणून शेवटी परत गुणून १८ येतंय का बघा. सॉफ्टवेअर नंतर वापराच, पण आधी शंभरेक वेळा हाताने करा, नाहीतर सॉफ्टवेअरने मूर्खासारखं उत्तर दिलं तरी कळणार नाही.

लॅबमध्ये चाऱ्याचं पृथक्करण करता त्याची पद्धत १८६० च्या दशकात जर्मनीतल्या वेंडे इथे हेनेबर्ग आणि स्टोहमान यांनी बसवली. त्यात प्रोटीन थेट मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. याची मजा अशी की खताच्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे कागदावर युरियाचं "क्रूड प्रोटीन" २८७ टक्के! कोठीपोटातले जीव त्यातलं थोडं खरंच प्रोटीनमध्ये बदलतात, म्हणून मोजून वाळलेल्या चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करतात, पण जरा जास्त झालं की विषबाधा. कोंबडीला तर त्याचा काहीच उपयोग नाही. क्रूड या शब्दाचा अर्थ मला या एका उदाहरणाने कळला. तंतूंचं मोजमापही वेंडे पद्धतीत गुळमुळीत होतं, ते १९६० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅन सोस्ट यांनी एनडीएफ (सगळे तंतू) आणि एडीएफ (त्यातले पचायला जड तंतू) आणून सुधारलं, आज चाऱ्याच्या रिपोर्टवर हेच दोन आकडे आधी बघायचे.

प्रजनन

इथे पाठांतर आहे, पर्याय नाही. गाभणकाळ असा, गाय साधारण २८० दिवस, म्हैस ३१०, शेळी १५०, मेंढी त्याच्या दोन-तीन दिवस आत, डुकरीण ११४ म्हणजे तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, कोंबडीची अंडी उबायला २१ दिवस. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी जी शांत उभी राहते ती माजावर, चढणारी असेलच असं नाही, हा फरक व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास विचारतात. म्हशीत बऱ्याचदा मुका माज असतो, म्हणजे बाहेरून लक्षणं नीट दिसत नाहीत, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा बघावं लागतं.

कृत्रिम रेतनाच्या प्रॅक्टिकलला वीर्याची कांडी उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमधून काढून ३५ ते ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरतात. थर्मामीटर लावा, अंदाजाने नाही. वीर्य गोठवून जिवंत ठेवायची युक्ती १९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पोल्ज आणि सहकाऱ्यांनी शोधली, आणि तीही बाटल्यांच्या लेबलचा घोळ झाल्याने ग्लिसरॉल वापरलं गेलं म्हणून. यावरून लेबल लावायचा आळस करू नका मात्र, तुमच्या घोळातून शोध लागणार नाही, प्रॅक्टिकल रिपीट होईल.

पैदास, म्हणजे गणिताचा दुसरा राउंड

आनुवंशिकता म्हणजे जनावरांमधल्या फरकापैकी किती पुढच्या पिढीत उतरतो. दुधासाठी ती साधारण ०.३ धरतात, प्रजननाच्या गुणांसाठी ०.१ च्याही खाली. कळपाची सरासरी वेताला (एकदा व्यायल्यापासून आटेपर्यंत) ३००० लिटर, तुम्ही निवडलेल्या आई-बापांची पातळी ३६००, फरक ६००. त्यातले पुढच्या पिढीत उतरणार १८०, ६०० नाही. आणि गाईची एक पिढी म्हणजे पाचेक वर्षं, म्हणजे वर्षाला ३६ लिटर. हे गणित केलं की "चांगली गाय आणली की वासरू पण तसंच" हा भ्रम जातो, आणि गाभण न राहणाऱ्या गाईंवर निवडीपेक्षा आहार आणि व्यवस्थापनाने लवकर फरक का पडतो तेही कळतं.

दूध लॅब

दुधातलं फॅट मोजायच्या गर्बर टेस्टला आधी ॲसिड, मग दूध भिंतीवरून हळू, मग अमाइल अल्कोहोल. घाई केली तर फॅटच्या पट्टीत काळी जळकी रेघ येते आणि रीडिंग फुकट. बुटिरोमीटर (ज्यात हे सगळं ओततो ती काचेची नळी) गरम होतो, फडक्यात धरा.

दुधाची तुलना लिटरवर करू नका. ४ टक्के फॅटवर आणायचं सूत्र सोपं आहे, दुधाच्या किलोला ०.४ ने गुणा, त्यात फॅटच्या किलोची १५ पट मिळवा. २० किलो देणारी ३.५ फॅटची गाय १८.५ येते, आणि १२ किलो देणारी ७ फॅटची म्हैस १७.४. बादली बघून कुणी म्हणणार नाही की या दोघी इतक्या जवळ आहेत.

कोंबड्या, शेळ्या, डुकरं यांचे चॅप्टर बहुतेक ठिकाणी उरकले जातात. ब्रॉयलरमध्ये खाद्य भागिले वजनवाढ हा एकच आकडा पक्का ठेवा, त्यावरच बॅच नफ्यात की तोट्यात ते ठरतं.

व्हायवा आणि सुट्टी

एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) बऱ्याचदा गोठ्यातच घेऊन जातात. मला विचारलं होतं, या गाईला वरचे पुढचे दात किती? मी आठ म्हणाले. गाईचं तोंड उघडून बघितलं तर वर नुसती कडक गादी. गाई-म्हशीला वरचे पुढचे दात नसतातच, वय बघतात ते खालच्या आठांवरून, दोनदाती साधारण दोन वर्षांची, मग चारदाती, सहादाती आणि चार-साडेचारला जुळलेली, म्हणजे आठही दात आलेली. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स वाचण्यापेक्षा गोठ्यात जाऊन दोन-तीन जनावरांची तोंडं उघडून बघा, माणूस सोबत घेऊन.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर एखाद्या चालत्या डेअरी किंवा पोल्ट्री फार्मवर राहा. पहिले आठ दिवस शेण काढायला लावतील, काढा, त्या शेणात न पचलेलं धान्य दिसतंय का ते बघत काढा. नंतर नोंदींचं रजिस्टर मागा. बहुतेक फार्मवर रोजचं दूध लिहिलेलं असतं पण भरवल्याची तारीख नसते, ती तुम्ही लिहायला लागलात की मालक स्वतःहून बाकीचं दाखवायला लागतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मला तिथेच मिळाला, दोन वेतांमधलं अंतर वाढायचं कारण शोधायचा, आणि कारण निघालं ते एवढंच की रात्री माज बघायला गोठ्यात कोणी थांबतच नव्हतं.